फक्त ‘येस’

टॉवेलच्या कारखान्यात मी चेकिंगला आहे. परदेशी खरेदीदार येणार होते आणि मालकांनी त्यांना माझा विभाग दाखवायचं काम माझ्यावरच टाकलं. मी केम गावच्या शाळेत शिकलेला, वाचलेलं इंग्रजी समजतं, पण बोलायचं म्हटलं की जीभ जड होते.

मुलीने फोनमध्ये एआय टाकून दिलं. म्हणाली, “पप्पा, काहीही विचारा, ते हसत नाही. आणि लिहू नका, माइक दाबून बोला.”

मी लिहीतच राहिलो. घरात बोलावं तर मुलगी ऐकणार, कारखान्यात कामगार. जेवणाच्या सुट्टीत कापडाच्या गठ्ठ्यांमागे बसून मी मराठीत विचारायचो, ‘फॉर’ कधी, ‘सिन्स’ कधी? ते न कंटाळता समजावायचं. काम अजून चालू असेल तर ‘हॅव बीन’ वापरा, असं सांगून वाक्यं घालायचं. मी लिहिलेली उत्तरं बरोबर यायला लागली आणि मला वाटलं, आलं इंग्रजी.

खरेदीदार बाई आल्या. माझ्या टेबलापाशी थांबून हसत म्हणाल्या, “हाऊ लाँग हॅव यू बीन वर्किंग हिअर?”

जे वाक्य मी घोकलं होतं, तेच. उत्तर डोळ्यांसमोर लिहिलेलं दिसत होतं. तरी तोंडातून निघालं, “येस.”

बाई थांबल्या. मालक माझ्याकडे बघत होते. ‘फॉर’ आधी की ‘हॅव बीन’ आधी, हे मी मनात जुळवत होतो तेवढ्यात शेजारच्या टेबलावरचे अण्णा पुढे आले. अण्णा पद्मशाली समाजाचे, घरात तेलुगू, बाहेर मराठी. म्हणाले, “मॅडम, ही मेनी मेनी इयर्स हिअर. गुड मॅन.”

बाई मोकळेपणाने हसल्या, अण्णांशी हात मिळवून पुढे गेल्या. मी हातातल्या टॉवेलचा काठ तपासत राहिलो. कान तापले होते. टॉवेलात दोष काहीच नव्हता.

जेवणाच्या सुट्टीत अण्णा गठ्ठ्यांमागे आले. “तुमी रोज हितं काय करायलाव हो?”

मला खोटं सुचलं नाही. फोन दाखवला. अण्णांनी तो घेतला, माइक दाबला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “आय मेनी इयर्स हिअर.” फोनने सुधारून सांगितलं. अण्णा परत चुकले. पलीकडच्या बायका हसल्या, तसे अण्णाही हसले आणि तिसऱ्यांदा चुकले.

“आता तुमी बोला की.”

मी हळू आवाजात बोललो. फोन म्हणाला, अगदी बरोबर. अण्णांनी माझ्या पाठीवर थाप मारली. “एवढं येतंय तर मगाशी का गप्प बसला?”

चुकायची लाज वाटते, हे त्यांना कसं सांगणार? चुकलेलं वाक्य बोलूनच त्यांनी मला सांभाळून घेतलं होतं.

आता आम्ही दोघं सुट्टीत बसतो. अण्णा फोनला घरच्या गोष्टीही सांगतात, सुनेच्या स्वयंपाकाची तक्रारसुद्धा, इंग्रजीत. पुढच्या वेळी दुसरे खरेदीदार आले तेव्हा मी दोन-तीन वाक्यं बोललो. एक चुकलं, पण त्यांना समजलं. मालक त्यांना घेऊन पुढच्या टेबलाकडे गेले.

परवा अण्णा रजेवर होते. एकटाच बसलो होतो. माइक दाबला, कुणाची तरी चाहूल लागली आणि मी फोन खिशात घातला.