कापसाच्या बंडीवरचा स्टो

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, चहाचा घोट तोंडात असताना ऐकलंत तर अंगावर सांडेल! माणूस किती जय्यत तयारी करून स्वतःची फजिती करून घेऊ शकतो, ते मी एका स्टोच्या पायी अख्ख्या तांड्याला दाखवून दिलं होतं. नवं महाराष्ट्र राज्य झालं, त्यानंतरच्या एक-दोन वर्षांतली गोष्ट.

आमचा तांडा घाटंजीजवळचा. आमच्या बंजारा आज्या-पणज्यांनी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूख पालथा घातला. रोज नवा माळ, रोज नवे तीन दगड, रोज नवी चूल. उघड्यावरचा स्वयंपाक म्हणजे आमच्या रक्तातली गोष्ट! आणि त्याच रक्ताचा मी बळीराम, सातवी पास. आमची घरची बोली निराळी आहे, पण तुम्हाला कळावं म्हणून बाकी सगळ्यांना वऱ्हाडीत बोलायला लावतो.

तर त्या कापसाच्या हंगामात माझं लग्न अडलं होतं. शेजारच्या तांड्यातल्या रामधनमामांची मुलगी शेवंती मी बाजारात एकदा पाहिली होती, आणि तेव्हापासून मला जेवण जात नव्हतं. मामा मात्र हो म्हणेनात आणि नाहीही म्हणेनात. शेवटी त्यांचा निरोप आला, "कापूस घेऊन जिनात संगच जाऊ. दोन दिवस पोराले पाह्यतो. मंग गोळ खाऊ." गोळ खाणं म्हणजे आमच्यात सोयरीक पक्की होणं. म्हणजे दोन दिवस माझी परीक्षाच की!

हंगामात जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, नंबर लागायला दोन-दोन दिवस जात. बंड्यांची, म्हणजे बैलगाड्यांची, लांब रांग, कापसावरच झोप, आणि घरून बांधून आणलेल्या भाकरी, दुसऱ्या दिवशी दातांनी तोडाव्या लागणाऱ्या. मी म्हटलं, मामांना रांगेत गरम-गरम वाढायचं. सासरा एका जेवणात खिशात!

तडक पांढरकवड्याला गेलो. हमरस्त्यावरचं गाव. तिथे ट्रकवाले थांबतात आणि रस्त्याच्या कडेला स्टोवर रांधतात. एका ड्रायव्हरजवळ उकिडवा बसलो आणि विचारलं, स्टो कोणता घेऊ?

"स्टोव तो कोई भी ले ले, भाई. असली चीज उसका सामान है!"

गुरू भेटला हो! त्यानं एकेक गोष्ट समजावून दिली. उघड्यावर अर्धं घासलेट वारा खातो, म्हणून तीन घड्यांचा पत्र्याचा आडोसा हवाच. बर्नर साफ करायच्या पिना तीन घ्यायच्या, कारण एक मोडते आणि एक हरवते. नरसाळं घ्यायचं ते जाळीचं, नाहीतर कचरा जाऊन बर्नर बसतो. जमीन खडबडीत असते, म्हणून तिवई रुंद पायांची. स्पिरिटची बाटली घट्ट बुचाची. पातेली एकात एक बसणारी. दुकानदार एक चकचकीत जाळी गळ्यात मारत होता, वांगी भाजायची. मी नाही म्हटलं. उगीच वस्तू घेणारा माणूस मी नव्हेच!

तांड्यात आल्यावर भर वाऱ्यात अंगणात स्टो पेटवला. ज्योत हलेना. बघायला ही गर्दी! रामधनमामाही आले आणि आडोशाभोवती फिरून म्हणाले,

"धग बाहीर येत नाही?"

"बिलकुल नाही, मामा."

"हवा सुटली तरी?"

"वादळ सुटू द्या ना!"

मामांनी मान डोलावली. "असं हाय तं मंग भाकर कायले बांधाची?"

झालं! मामा भाकर बांधणार नाहीत म्हटल्यावर आमच्या तांड्यातल्या बाकीच्या पाच बंडीवाल्यांनीही बांधल्या नाहीत. भाकरी थापायचं काम टळलं म्हणून बायका मला दुवा देऊ लागल्या. एकटी माझी आई मागे लागली, "बळी, चार भाकरी तरी घे रे बाप्पा."

"याडी, जमाना बदलला आता!"

मी ज्वारीचं पीठ घेतलं, डाळ-तांदूळ घेतले आणि सात बंड्या निघाल्या. माझ्या बंडीवर कापूस, कापसावर पोतं, पोत्यात स्टो आणि शेजारी मी. सरकारी साहेबसुद्धा असा ऐटीत बसत नसेल.

जिनाच्या फाटकावर चौकीदारानं हात आडवा केला.

"पोत्यात काय हाय?"

"स्टो."

चौकीदार आधी माझ्याकडे बघत राहिला, मग माझ्याखालच्या कापसाकडे.

"आनखी?"

"घासलेट."

"आनखी?"

"स्पिरिट. आणि आगपेट्या दोन. एक भिजली तर असावी म्हणून."

"आन् हा पत्रा कायचा?"

"आडोसा आहे. वाऱ्यापासून स्टो वाचतो."

"आन् तुह्यापासून माहा जिन कोन वाचवंल रे? अथी बिडीबी पेटवू देत नाही आमी!"

आता काय सांगू तुम्हाला! मी कापसात जन्मलो, कापसात वाढलो. कापसाजवळ विस्तव नेऊ नये हे मला बोलता येण्याआधी कळत होतं. आमचे लोक वर्षानुवर्षं जिनात गार भाकरी का नेतात? मला वाटायचं, बिचाऱ्यांजवळ स्टो नाही म्हणून!

मी मामांकडे वळलो. "मामा, तुम्हाला तर माहीत होतं ना?"

"माहीत होतं म्हनून तं इचारलं, धग बाहीर येत नाही काय! मले वाटलं, पोरगा सातवी पास हाय, कापसातबी चालनारा स्टो आनला असंन!"

बाकीच्या पाच जणांनाही तसंच वाटलं होतं. सात माणसं आणि भाकर एक नाही. बंड्या सोडून गावात जेवायला जावं तर नंबर जाणार. सगळे माझ्याकडे बघत होते. शेवंती हातातून गेली, हे मला त्या सात पोटांच्या आवाजातच ऐकू आलं. त्यात एक पोट माझंही होतं.

चौकीदाराला माझी दया आली असावी. म्हणाला, "त्या नाल्याच्या पल्याड जाय. अथून दिसते. आन् येतानी खिसे दाखवून येजो."

मी पळत नाल्यापलीकडे गेलो आणि स्टो पेटवला. आणि खरं सांगतो, सामानाला नाव ठेवायला जागा नव्हती! वारा सुटला होता, पण ज्योत हलेना. तिवई डगमगेना. फक्त स्टो एक, मोठं पातेलं दोन माणसांपुरतं आणि माणसं सात. खिचडी शिजवायची, पातेलं घेऊन रांगेत पळायचं, खिसे दाखवायचे, पुन्हा पळत नाल्यावर. सहावा जेवेपर्यंत पहिल्याला पुन्हा भूक लागली!

उन्हं कलल्यावर मामा स्वतः नाल्यावर आले. मी घामानं निथळत पंप मारत होतो.

"तू जेवला काय?"

"नाही, मामा."

"पीठ हाय ना? मंग भाकरी काहून नाही टाकत?"

"मामा... तवा राहिला घरी."

तीन पिना, जाळीचं नरसाळं, घट्ट बुचाची बाटली, आणि तवा घरी! मामांनी तीन दगड मांडले, शेजारच्या शेतातल्या कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्या मोडून आणल्या आणि चूल पेटवली. माझा आडोसा उचलला, वाळूनं घासला, तिन्ही घड्या मिटवून दगडांवर आडवा ठेवला आणि त्यावर भाकर टाकली. टम्म फुगली हो! पहिली भाकर त्यांनी माझ्याच हातात दिली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते धुरामुळे नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कापूस उतरवून परत निघालो. मामा आपली बंडी दुसऱ्याच्या हाती देऊन माझ्या बंडीवर येऊन बसले. म्हणाले, "अक्कल कमी हाय तुले. पन दुसरा असता तं तोंड लपवून पळाला असता. तू पातेलं घेऊन पळत राह्यला, साऱ्याले वाढलं, आन् सोता उपाशी होता. चाल, गोळ खाऊ."

लग्नात मामांनी नाल्यावरून स्वतःकडे ठेवून घेतलेला तो आडोसा सगळ्या तांड्यादेखत आणला. काळा कुळकुळीत, पक्का तवा झालेला. शेवंतीच्या हातात देऊन म्हणाले, "पोरी, हा तवा तुह्यापाशी ठेव. आन् आगपेटीबी तुह्यापाशीच ठेव."

तिनं बापाचा शब्द आजवर मोडला नाही. तुम्ही हा चहा पिताय ना? पातेलं मी मांडलं, साखर मी घातली. काडी मात्र तिनंच ओढली.