थोराचा चीक

माझ्या अर्धवट माहितीमुळे मित्राच्या डोळ्यात थोराचा चीक गेला, आणि दोष मात्र मी त्याच्याच माथी मारला.

काल बायकोनं ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये लाल फुलांच्या काटेरी झाडाची कुंडी आणली. तीही थोराचीच जात. एक पान तुटलं, देठातून पांढरा चीक ओघळला, आणि मला कॉलेजची वनस्पतिशास्त्राची सहल आठवली. धानोऱ्याच्या जंगलात, तापलेल्या खडकावर पानं गळालेला थोर उभा होता. फांद्यांच्या कडांवर बारीक पिवळसर फुलं होती.

"काऊन भिऊन राह्यला? निवडुंगात पाणीच असते. काप," मी रफीकला म्हटलं. आपण कॅक्टसलाही निवडुंग म्हणतो आणि थोरालाही. पण थोर एरंडाच्या कुळातला, त्याचा चीक जाळतो, हे मला ठाऊक नव्हतं.

त्यानं चाकू चालवला आणि चीक उडाला. "मले दिसत नाई," तो डोळा दाबून म्हणाला. सर धावत आले तेव्हा मी म्हटलं, "मी तर नाईच म्हणत होतो, सर." रफीकनं दुसऱ्या डोळ्यानं माझ्याकडे पाहिलं आणि सरांची बोलणी मुकाट ऐकून घेतली. डोळा बरा झाला, पण पुढच्या सहलीला सरांनी त्याला नेलं नाही. तेव्हा वाटलं, सुटलो. आता ती नजर सोसवत नाही.

संध्याकाळी त्याला फोन लावला.

"इतक्या वर्षांनी काऊन आठवण आली? वहिनीनं हाकललं का?" तो हसला.

"रफीक, काप म्हणून तुले मीच सांगितलं होतं, अन् सरांपुढे खोटं बोललो. मले माफ कर."