याकोबचा गोल माईक

सोनईच्या आसपास लग्न असो, जत्रा असो की चर्चची सभा, भोंगा याकोबचाच. मशीन, बॅटरी, रेकॉर्डींची पेटी असा सगळा संसार बैलगाडीत घालून तो हिंडायचा. माणूस भला, पण माईकच्या बाबतीत महाहट्टी. एकाहत्तर साली नगरच्या दुकानात मी त्याच्याबरोबर होतो.

दुकानदार सांगून थकला, "हा लांबट घ्या. समोरच्या तोंडाचंच ऐकतो, शिट्टी मारत नाही."

"लग्नात भटजी हिकडं, करवल्या तिकडं. मला समद्यांचं ऐकनारा पायजे," म्हणत याकोबनं गोल माईक घेतला. मग भोंगा शिट्ट्या मारी आणि मी मास्तर असूनही याकोबला शिव्या घाली.

बहात्तरच्या दुष्काळात आमच्या गावचा आसाराम एकटाच विहीर खोल करायला उतरला आणि दरड कोसळली. हाका मारून घसे बसले, खालून चकार शब्द नाही. पंच म्हणाले, माणूस गेला, आता उकरण्यात आणखी जीव घालवू नका. पंचांचं काय जातं! आसारामची बायको गोजरबाई याकोबपुढं उभी राहिली.

"भाऊ, तुमचा माईक समद्यांचं ऐकतो ना? माज्या मालकाचं बी ऐकंल."

शिट्टी वाजू नये म्हणून याकोबनं भोंगा लांबच्या बाभळीवर बांधला, तोंड शेताकडं फिरवलं आणि माईक दगडांच्या फटीतून खाली सोडला. सगळे चिडीचूप झाले. भोंग्यातून आलं, टक. टक. टक.

पहिली पाटी गोजरबाईनं उचलली, मग कोण थांबतो? उन्हं कलेपर्यंत दगड निघत होते आणि भोंगा ठोकत होता. शेवटी कपारीत आसाराम सापडला. जिवंत! छातीपर्यंत मुरमात, दोन्ही हात गाडलेले.

"किती वेळ ठोकत होतास रे?" मी विचारलं.

"मी? हात कुठं हालत हुतं, गुरुजी? मला वाटलं, तुमीच वरून ठोकताय."

खाली दुसरं कोणी उतरलंच नव्हतं. गावातली माणसं आम्ही दोनदा मोजली, एकही कमी नव्हतं. आसारामला बाजेवर घालून लोक गेले. याकोब वायर गुंडाळायला वाकला. माईक अजून खालीच होता.

टक. टक. टक.

"बंद कर ते!" मी ओरडलो. भीतीनं ओरडलो, खोटं कशाला सांगू? त्यानं बॅटरीची तार काढली आणि माईक ओढून घेतला. दुसऱ्या दिवशी उरलेली दरड कोसळली, विहीर बुजली.

मग त्यानं लांबट माईक आणला. शिट्टी नाही, कटकट नाही. पण कार्यक्रम संपला तरी मशीन बंद करायला त्याचा हात धजत नाही. मलाच जावं लागतं.

परवा म्हणाला, "गुरुजी, आसारामानं ठोकलंच न्हाई, तरी त्याला वर काढला. ज्याचं ठोकनं ऐकलं, त्याला मात्र खालीच ठिवलं."