रुखमाच्या वाटचा धूर

केळझरचा कवडू मून बोलायला कंजूस, पण आकड्याला पक्का. आधी कापसाच्या जिनिंगमध्ये इंजिनावर होता. मग चौदा वर्षं नागपूरच्या विमानतळावर, डिझेल वाटायच्या कामावर. विमानं ओढणारे ट्रॅक्टर, प्रवाशांच्या बसगाड्या, जनरेटर, सगळ्यांचं पोट त्याच्या हातून भरायचं. सकाळी मोठ्या टाकीत पितळी गज सोडायचा, ओली खूण कुठवर आली ते पाहायचं अन् वहीत लिटर लिहायचे. पुढं मीटर बसलं, तरी गज काही सुटला नाही.

दोन वर्षांमागं ऑफिसात माधवी आली अन् विमानतळाचा धूर मोजणं सुरू झालं. धूर कोणी तराजूत घालत नाही. किती लिटर जळलं ते पाहायचं अन् त्यावरून किती किलो वायू वर गेला ते काढायचं. म्हणजे निम्मी मोजणी कवडूच्या वहीवर उभी. त्यात माणसं कामावर कशी येतात, तोही धूर धरायचा होता. त्यासाठी दरवर्षी ज्याचा त्याचा फॉर्म.

कवडूची बायको रुखमा तिथंच झाडू-फरशीला होती. दोघं एकाच मोटारसायकलवर, जाऊन-येऊन नव्वद किलोमीटर. 'गाडीवर किती जण?' कवडूनं लिहिलं, दोन. दिवसाचे साडेचार किलो, दोघांत वाटून सव्वादोन.

"म्हंजे मी मागं बसली म्हून तुमचा धूर अर्धा झाला," रुखमा म्हणाली. "मंग जड झाली, जड झाली, काऊन करता रोज?"

"जड तं हायेसच. त्याचा रकाना नाई फॉर्मात."

यंदा फेब्रुवारीत रुखमा गेली. कावीळ कावीळ म्हणता लिव्हरच बसलं. दवाखान्यात अकरा दिवस. ती गेल्यावर सोळाव्या दिवशी कवडू कामावर आला, गज सोडला, लिटर लिहिले.

एप्रिलात फॉर्म आला. 'गाडीवर किती जण?' हात सवयीनं चालला. दोन. लिहिल्यावर त्याला दिसलं. पण खोडलं नाही.

आठ दिवसांनी माधवी कागद घेऊन डिझेलच्या खोलीत आली. उभीच राहिली.

"काका, तुमच्या वहीत लिटर इकडचा तिकडं होत नाही. पण यात दोन जण आहेत अन् दुसरा फॉर्मच नाही. अर्धा धूर कोणाच्याच नावावर लागत नाही."

कवडूनं कागद हातात घेऊन पाहिला.

"तपासायला बाहेरची माणसं येणार आहेत. मी करू का दुरुस्त?"

"तुमी नका करू. माह्या आकड्याले दुसऱ्याचा हात लागला नाई आजवर."

त्यानं पेन घेतला. दोनावर एक आडवी रेघ ओढली, बाजूला एक लिहिला अन् सही केली. सव्वादोनाचे साडेचार झाले.

काहीतरी बोलावं म्हणून माधवी म्हणाली, "तुमच्या वाटेवरच्या सेलडोहचा निकेश एकटाच गाडीनं कामावर येतो. त्याला मागं बसवत जा. पुन्हा अर्धा होईल."

कवडूनं खिडकीतून गाडीकडं पाहिलं. मागच्या सीटवर रुखमानं बसायला बांधलेली चवाळ्याची घडी तशीच होती.

"पुढं पाहू, पोरी. सध्या पुरा माह्याच नावावर राहू दे."

बाहेर ट्रॅक्टरवाला हॉर्न मारून राह्यला होता. कवडूनं गज पुसला, टाकीत सोडला, वर काढला. चौदा वर्षांत पहिल्यांदा ओली खूण त्याला दोनदा पाहावी लागली.