पूजेला बसलेली कात्री

जयवंत आणि मी शेवटचे निवांत बोललो ते दसऱ्याच्या दुपारी. निवांत म्हणजे मी बोलत होतो आणि तो तलावाकडे बघत होता. ग्वाल्हेरबाहेरच्या एका मनोरंजन उद्यानात संध्याकाळी पाण्यावर जो कार्यक्रम होतो, त्याचं निवेदन मी करतो. पाण्यातले देखावे चालवायचं काम त्याचं. मी नेहमीसारखं चिडवलं, “काय सरदार, आज फौज सुट्टीवर?” एरवी त्यानं चार शिव्या हासडल्या असत्या. त्या दिवशी नुसतं म्हणाला, “पाणी उतरलंय रे... आणि हवा किल्ल्याकडून आहे.” त्याचा तो आवाज मला आवडला नाही.

देखावे आपोआप तरंगत येतात असं लोकांना वाटतं. खरं तर पाण्याखालून या काठापासून त्या काठापर्यंत पोलादी तार असते, ती यंत्रानं ओढली जाते आणि देखावा तिला बांधलेला असतो. आमचा मोर दुमजली घराएवढा. पिसारा वारा धरायचा, तळात शेवाळ माजायचं, आणि तळ्याला कुठंतरी गळती होती. पाणी उतरलं की तार सैल पडून तळाच्या दगडात अडके. “गाडीला ब्रेक असतो, याला काहीच नाही,” असं तो म्हणायचा. म्हणून रोज सकाळी मोरावर नाचणाऱ्या मुलींच्या जागी वाळूची पोती ठेवून तो मोर एकदा फिरवून बघायचा. मालक त्याला भित्रा म्हणत. त्याची भीती आम्हाला गमतीची वाटायची, आणि मुली त्या भीतीच्या भरवशावर नाचायच्या.

जयवंतचे पूर्वज दक्षिणेतून शिलेदार म्हणून इकडे आले. तलवारी केव्हाच गेल्या, पण खंडेनवमीला हत्यारं पुजायची रीत त्या घरात राहिली. इंजिनियर झालेला जयवंत पाने, पकडी आणि तार कापायची मोठी कात्री पुजायचा. उद्यानातल्या यंत्रालाही हार घालायचा. पूजेला बसलेल्या हत्याराला दसऱ्याचं सोनं वाटून होईपर्यंत हात लावायचा नाही, हा घरचा दंडक. देवळाची पायरी क्वचित चढणारा माणूस, पण या एका गोष्टीत भलताच कडवा. दरवर्षी दसऱ्याला कार्यक्रम बंद असे, त्यामुळे काही अडत नसे. या वर्षी मालकांनी इंदरगंजच्या चौकात दसऱ्याच्या कार्यक्रमाचे फलक लावले आणि मग जयवंतला विचारलं. शेवटी ठरलं, दिवेलागणीला आपट्याची पानं वाटायची आणि थेट कार्यक्रमालाच यंत्र सुरू करायचं. म्हणजे नवमीला आणि दसऱ्याला मोर फिरवून बघितलाच नाही. मी म्हटलं, एक दिवस मोड की नियम. तो म्हणाला, “एक दिन छोड़ा, तर मग राहिलं काय?”

त्या संध्याकाळी मोर निम्म्या तलावात आला आणि थांबला. मी माइकवर वर्णन करत होतो, लोक टाळ्या वाजवत होते. मग मोराची मान हळूहळू पाण्याकडे झुकायला लागली... तार दगडात अडकली होती. यंत्र बंद केलं, पण मागून वारा पिसाऱ्याला रेटत होता आणि पुढून तार मोराला खाली खेचत होती. मुलींना वाटलं, हाही नाचाचाच भाग. त्या हसत होत्या. तार तोडल्याशिवाय मोर सरळ होणार नव्हता. जयवंतनं बूट काढले आणि कात्री मागितली. यंत्रावरचा माणूस म्हणाला, “साहब, वो तो आपके घर पे है... पूजा में.”

जयवंत क्षणभर त्याच्याकडे बघत राहिला. मग तसाच पाण्यात उतरला.

मोराला तारेशी जोडणारी कडी त्यानं हातानं सोडवली. कशी, ते मला आजही कळत नाही. मोर डोलला आणि सरळ झाला. मुली सुखरूप आल्या. ताणातून सुटलेली तार मात्र जयवंतला लागली. तो वर आला नाही...

परवा त्याच्या बायकोकडे, मंदावहिनींकडे गेलो. जयवंतच्या मागे त्या एकट्याच आहेत. उद्यानात नवा माणूस आलाय, मोर पुन्हा पाण्यात सोडणार आहेत, हे त्यांना माझ्याकडून कळावं असं वाटत होतं. देवघरात त्याची हत्यारांची पेटी उघडीच होती, वर हळदकुंकू आणि काळी पडलेली झेंडूची फुलं. सोनं वाटून आल्यावर तो स्वतः उचलणार होता, म्हणून त्यांनी कुणाला हात लावू दिला नव्हता.

“मुली त्याच?” त्यांनी विचारलं.

मी हो म्हटलं. त्या उठल्या, पेटीवर अक्षता टाकल्या आणि कात्री तेवढी काढून पदरानं कुंकू पुसलं. पेटी होती तिथंच ठेवली.

“ही तिथं काठावर ठेवा, भाऊजी,” त्या म्हणाल्या. “आणि त्या नव्या माणसाला सांगा, हिला कधी पूजेला बसवू नका.”