घोळणा फुटला की

दवाखान्यात वर्षं काढली की औषधांची नावं विसरतात, माणसं मात्र मनात साचत जातात. नव्वद सालानंतर गंगापूर रोडला एका डॉक्टरबाईंकडे मी सिस्टर होते. उन्हाळ्यात हवा कोरडी झाली, की नाकाला रुमाल लावलेली पोरं यायचीच. घोळणा फुटला! रक्त बघून घाबरलेल्या आईबापांना हसायचं नाही, हे मी तिथंच शिकले.

*

मळ्यातले एक भाजीवाले पोराची मान मागे टाकून, नाकाला कांदा लावून धावत आले. दारातच पोराला रक्ताची उलटी झाली.

"बाई, पोटातून रगत आलं! पोरगं जातंय माझं!"

"नाकातलंच आहे हो. मान मागे केलीत, म्हणून पोटात गेलं. पुढे वाकवा त्याला," बाई म्हणाल्या.

एवढ्यात बापच घेरी येऊन खाली बसला. पोरगं नाक धरून म्हणालं, "आता तो कांदा बापूंना द्या!"

*

अंबडच्या कंपनीतले एक गृहस्थ मुलीला घेऊन आले. बाईंनी सांगितलं, "तिच्या नाकाचा मऊ भाग दहा मिनिटं दाबून धरा." हे दर मिनिटाला सोडून बघायचे, की रक्त परत सुरू!

"अहो, भात शिजतोय का, झाकण काढून बघायला?" बाई म्हणाल्या.

तेव्हा कुठे त्यांनी नीट दाबलं. दहा मिनिटं घड्याळावरून नजर हलवली नाही. एकुलती एक मुलगी होती त्यांची.

*

इंदिरानगरची तिसरीतली मुलगी. भर थंडीत आठवड्यातून तीनदा घोळणा. आई शाळेत शिक्षिका, शिस्तीची. "नाकात बोटं घालते, दुसरं काय! कबूलच करत नाही. रात्री हाताला पिशव्या बांधते मी."

आईचं म्हणणं चूक नव्हतं. बहुतेक पोरांचं कारण तेच असतं. पण बाईंनी मुलीचे पायमोजे उतरवले. पायावर बारीक जांभळे ठिपके. बाईंनी तिच्या बाह्या वर करून हातही तपासले. रक्त तपासायला पाठवलं.

दुसऱ्या दिवशी दोघी आल्या. बाईंनी रिपोर्ट दोनदा वाचला.

"हिनं नाकात बोट घातलेलं नाही. रक्त गोठवणाऱ्या पेशी फार कमी झाल्यात. आत्ताच मोठ्या हॉस्पिटलात न्या, मी फोन करते."

आईनं टेबलाची कड घट्ट धरली. मला तिच्याकडे बघवेना.

मुलीनं मात्र खुर्चीतून टुणकन उडी मारली.

"बघ आई! मी खरं बोलत होते ना!"