काना नसलेली पाटी

पद्माबाईंचं अक्षर कसं आहे, हे तासगावाच्या आसपास कुणाला सांगायची गरज नव्हती. गणपती मंडळाचा फळा, निवृत्त होणाऱ्या तलाठ्याचं मानपत्र, शाळेतला रोजचा सुविचार, सगळं त्यांच्या हातचं. बाई मूळच्या वाईच्या. नवरा तासगावच्या पोस्टात लागला म्हणून इकडं आल्या आणि जवळच्याच एका खेड्यातल्या प्राथमिक शाळेत चौथीच्या वर्गाला चिकटल्या त्या चिकटल्याच. चौथी म्हणजे पद्माबाई, हे गावानं धरूनच टाकलं होतं. बाई पोरांना मारत नसत. वेलांटी चुकली की नुसतं "अरेरे" म्हणत, आणि पोरांना ते छडीहून झोंबे.

आता असल्या बाईला कुणाचा हेवा वाटायचं कारण काय? पण वाटला. चांगला घसघशीत वाटला, आणि तोही माया नावाच्या काल आलेल्या पोरीचा.

माया आटपाडीकडची. मेंढरांमागं फिरलेल्या घरातली पहिली शिकलेली मुलगी. डी.एड. करून आली, तिला तिसरी दिली. बोलणं तुटक, आणि अक्षर असं की फळ्यावर लिहिलं तर मागच्या पोरांनी पुढं येऊन वाचावं. पद्माबाईंनी पहिल्याच दिवशी तिचा फळा बघितला आणि त्यांना अगदी बरं वाटलं.

ते बरं वाटणं टिकलं नाही. नव्व्याण्णव सालच्या दिवाळीनंतर मायानं नवंच खूळ काढलं. सांगलीत स्टँडजवळ राजवर्धन नावाच्या एका पोरानं इंटरनेटचं दुकान टाकलं होतं. दुपारी त्याची मशीनं रिकामीच असत. शनिवारची सकाळची शाळा सुटली, की माया पोरांनी लिहिलेले कागद पिशवीत घालून सांगलीची एसटी धरायची. इंटरनेटवर म्हणे शाळांना एक पान फुकट मिळतं. त्या पानावर ती पोरांचं लिखाण टाकायची. मराठी अक्षरं त्या मशीनवर धड उमटत नसत, म्हणून मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत. आणि ते वाचून कुठून कुठून मुलं उत्तरं धाडायची. अमेरिकेत रविवारी मराठी शिकणाऱ्या मुलांनी तर विचारलं होतं, बेदाणा झाडाला लागतो का? सोमवारी माया ते छापलेले कागद घेऊन आली, की तिसरीचा वर्ग नुसता उसळायचा.

जी पोरं दोन ओळींवर पेन्सिल चावत बसायची, ती आता पानंच्या पानं लिहायला लागली. शेडवर बेदाणा कसा वाळवतात, बकरीला रात्री खोकला कसा झाला, काहीही. मधल्या सुट्टीत चौथीची पोरंसुद्धा तिसरीच्या दारात उभी. पद्माबाईंची पोरं! त्यांना 'माझा आवडता ऋतू' घातला, तर हरिबा नावाच्या पोरानं सरळ विचारलं, "बाई, ह्ये कोण वाचणार हाय?"

"मी वाचणार," बाई म्हणाल्या.

"तुमीच व्हय," हरिबा म्हणाला आणि खाली बसला.

त्या दिवशी बाईंना घरी जेवण गेलं नाही. आपण इतकी वर्षं बोटं धरून गिरवून घेतलं, आणि हिनं यावं, हाय-न्हाई करत बोलावं, आणि पोरं हिच्यामागं? नवऱ्यापाशी त्या मायाच्या अक्षराची नक्कल करून दाखवायच्या. तो बिचारा हसायचा, मग पेपर वाचायचा.

त्यात हेडमास्तर भाऊसो गुरुजींच्या तोंडून निघालं, की केंद्रप्रमुख साहेबांना मायाचं काम पाहायचंय, पसंत पडलं तर जूनपासून चौथी तिच्याकडं द्यावी म्हणतात. झालं. पद्माबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. चौथी गेली तर आपलं राहिलं काय? साहेब यायच्या दिवशी त्या ठरवूनच आल्या: पोरीचं सगळं उघडं पाडायचं.

साहेब तिसरीत बसले होते. पद्माबाई आत आल्या, टेबलावरचा छापील कागद उचलला आणि म्हणाल्या, "साहेब, जरा ऐका तर. हे लेखन शिकवणं चाललंय इथं." आणि आपल्या खणखणीत आवाजात वाचायला लागल्या. इंग्रजी अक्षरांतलं मराठी वाचायची सवय नाही, त्यात डोक्यात राग. मानसिंग नावाच्या पोरानं आपल्या आईवर लिहिलं होतं. बाई तालात वाचून गेल्या, "माझी आई सकाळी उठते आणि डोक्यावर पती घेऊन बागेत जाते."

मग जो काही हशा पिकला! पोरं बाकांवर आडवी पडली. साहेबांनी रुमाल तोंडाला लावला. मानसिंग तेवढा कळवळून उभा राहिला, "पती न्हाई वं बाई, पाटी! द्राक्षांची पाटी!"

बाईंनी कागद बघितला. पी, ए, टी, आय. पती वाचा, नाहीतर पाटी. त्यांचे कान तापले.

माया हसली नाही. तिनं खडू घेतला आणि पोरांना विचारलं, "बाई का चुकल्या?"

"काना न्हाई त्यात!" पोरं ओरडली. "ट बी कळंना!"

"मग काना कशाला असतो?"

"आईच्या डोक्यावर बाबा बसू नये म्हणून!" मागून कुणीतरी म्हणालं, आणि परत हशा.

साहेब जाम खूश. "बाई," ते पद्माबाईंना म्हणाले, "तुमच्यामुळं आज या पोरांना काना कळला." ते मनापासून म्हणाले होते, आणि तेच बाईंना जास्त लागलं. कान्यासाठी त्यांनी जन्म घालवला होता. पोरं कान्यासाठी कधी अशी ओरडली नव्हती, आणि ओरडली ती त्या पोरीच्या वर्गात.

पण साहेब माणूस समजूतदार. जाताना भाऊसो गुरुजींना सांगून गेले, की पोरांचं लिखाण आता मराठी अक्षरांतच त्या पानावर जाऊ दे. राजवर्धनकडं कागदाचा फोटो काढून मशीनमध्ये घालायचं यंत्र होतंच. पद्माबाईंनी सुंदर अक्षरात लिहून द्यावं, पोरांना तसं लिहायला शिकवावं, मायानं ते सांगलीला न्यावं. दोघींनी मिळून चौथी घ्यावी. पद्माबाईंची इच्छा नसली, तर मात्र मायाच घेईल. गुरुजींनी हे बाईंच्या कानावर घातलं. बाई वरून "बघू" म्हणाल्या, पण आतून फुलल्या. चौथी राहिली! आणि आता ती पोरगी आपल्या दारात येणार. येऊ दे. जरा मिनत्या करू दे.

माया दुसऱ्याच दिवशी आली. "बाई, तुमी येता का माझ्यासंगं ह्या कामात? तुमचं अक्षर लय चांगलं हाय."

पद्माबाई वाईच्या. त्यांच्या घरात चहासुद्धा पहिल्यांदा विचारल्यावर कुणी घेत नसे. आधी नको म्हणायचं, समोरच्यानं आग्रह करायचा, मग अगदी तुमच्यासाठी म्हणून घ्यायचं. त्यात इतक्या महिन्यांचा जळफळाट. "छे गं," त्या म्हणाल्या, "मला कुठं जमतंय तुमचं ते नवं! नको, तुझं तूच कर."

आणि वाट बघत उभ्या राहिल्या.

"बरं," माया म्हणाली आणि वर्गात निघून गेली.

दिवसभर बाईंना वाटत होतं, येईल. शाळा सुटताना येईल. शनिवारी सांगलीला निघताना तर येईलच. माया एसटीत बसून गेली. सोमवारी ऑफिसात जूनपासूनची वर्गवाटणी लागली. चौथी, माया. पद्माबाई, पहिली.

बाई तडक गुरुजींसमोर. माया तिथंच हजेरी भरत होती. "गुरुजी, मी नको कधी म्हटलं?"

"माया म्हणाली, बाई नको म्हणाल्या."

"अहो, तसं म्हणायचं असतं!"

मायानं पेन खाली ठेवलं. ती खरंच गोंधळली होती. "पर बाई, तुमी सोताच्या तोंडानं म्हणालाय. आमच्यात न्हाई म्हंजी न्हाई. माणसाला फिरून इचारायचं, म्हंजी त्याच्या शब्दाला किंमत न्हाई म्हणल्यागत हुतं. मला वाटलं, तुमचा मान ऱ्हावा."

पद्माबाईंनी तिच्या तोंडाकडं निरखून बघितलं. ही टोमणा मारत नव्हती. टोमणा असता तर त्यांनी परतवला असता.

भाऊसो गुरुजींनी कागद हातात घेतला, पेनाचं टोपण काढलं. "अजून वर पाठवलेलं नाही, बाई. बदलून देऊ का?"

बाईंच्या मनात 'हो' होतं. सगळा जीव त्या 'हो'मध्ये होता. पण माया समोर बसून बघत होती, आणि तिच्यासमोर मागून घ्यायचं? वर्षानुवर्षांची जीभ आपसूकच वळली.

"नको," पद्माबाई म्हणाल्या. "राहू द्या."

गुरुजींनी मायाकडं बघितलं. मायानं मान डोलावली, आणि त्यांनी पेनाला टोपण लावलं.